औषध चिकटलं, पुढे काय?

भंडारा-गोंदियाकडचे असाल तर 'सिकलसेल' हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचण्याआधी गावातच ऐकला असेल. औषध आणि त्याचं लक्ष्य यांच्यातला बंध समजून घ्यायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण दिसत नाही.

आधी आजाराचं रसायन. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं. फरक एवढाच. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या तेलकट खाचेत जाऊन बसतं. तिथे फिनाइलअलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ असतात. दोन रेणूंमध्ये एकही सहसंयुज बंध होत नाही, नुसती दुबळी आकर्षणं! पण रेणूला रेणू लागत लांब दोरे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

आता व्हॉक्सेलोटॉर बघा. त्याच्यातला अल्डिहाइड गट अल्फा साखळीच्या टोकाशी असलेल्या अमिनो गटाला जोडला जाऊन शिफ बेस होतो. हा बंध सहसंयुज आहे, पण परत सुटू शकणारा. गंमत म्हणजे औषध त्या खाचेला हातच लावत नाही. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या आकारात ठेवतं, आणि त्या आकारात दोरे होत नाहीत.

कागदावर सुंदर. चाचणीत १५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ५१ टक्के रुग्णांचं हिमोग्लोबिन १ ग्रॅमहून जास्त वाढलं. औषधाविना ७ टक्क्यांचं. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वेदनेचे झटके मात्र ठळकपणे कमी झाले नाहीत. ऑक्सिजन इतका घट्ट धरला तर पेशींना तो सोडणार कधी, ही शंका काहींनी आधीच काढली होती. पुढे झटके आणि मृत्यूंचे आकडे काळजीचे निघाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने औषध जगभरातून मागे घेतलं.

आपल्याकडच्या रुग्णांना मिळतं ते हायड्रॉक्सियुरिया. रेणुभार जेमतेम ७६, हिमोग्लोबिनला चिकटतही नाही. ते रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज या विकरातल्या टायरोसिन मूलकाला थंड करतं. पुढे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं (नेमकं कसं, यावर अजून काम चालू आहे) आणि ते दोऱ्यांत नीट बसत नाही. हिमोग्लोबिनवरचा डॉकिंग स्कोअर बघून निवड केली असती, तर तुम्ही ते पहिल्याच फेरीत बाद केलं असतं.