आजोबांची फियाट की काकांची ‘आरएक्स’? जुन्या गाड्यांचा बाजार का बदलतोय?

मुंबईतल्या व्हिंटेज रॅलीत मान असतो तो जुन्या परदेशी मोटारींना. नव्या पिढीतल्या हौशी संग्राहकांचा ओढा मात्र वेगळीकडे आहे. कारण साधं आहे: माणूस हौसेने घेतो ती लहानपणी पाहिलेली गाडी. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या मुलांनी फेरारी पाहिली ती पोस्टरवर. गल्लीत ऐकू आला तो यामाहा आरएक्स १०० चा आवाज. १९८५ मध्ये आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक बाइक १९९६ मध्ये बंद झाली. आज चांगल्या स्थितीतल्या बाइकला मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात.

अडचण नियमांची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो तो ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीलाच. म्हणजे कुर्ल्यात बनलेली १९७० ची फियाट पात्र. पहिल्या आरएक्सला मात्र २०३५ पर्यंत थांबावं लागेल. तोवर दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

आणखी एक मेख आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेल्या गाडीला हा दर्जा मिळत नाही. त्यामुळे काकांची बाइक ‘मॉडिफाय’ करायला टाकण्याआधी आरसीवरचे इंजिन आणि चेसिस क्रमांक जुळतात का, ते पाहा.