जवातली गोडी

बिअर करू पाहणारा नवखा मनुष्य बहुधा आंबवण्यापासून आरंभ करतो, कारण जवाचा तयार अर्क विलायतेत डब्यांतून मिळतो, आणि तो पाण्यात कालवून उकळला व निवल्यावर त्यात किण्व सोडले, की पुढचे काम डोळ्यांना न दिसणारे जीव आपले आपण करतात. परंतु अख्ख्या दाण्यापासून सुरुवात करून, म्हणजे जव भिजवून, त्याला मोड आणून, तो वाळवून व भरडून, त्यातील पिष्टाची साखर आपल्या देखरेखीखाली करून घेण्याचा जो दुसरा मार्ग आहे, तो कितीही श्रमाचा असला तरी या विद्येचे मर्म त्यातच आहे, असे माझे मत आंबीच्या एका स्वयंपाकघरात थंडीचे दिवस या उद्योगात घालवल्यावर पक्के झाले.

हा मार्ग आपल्याकडे अर्ध्यावर सोडावा लागतो. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी परवान्याखाली होतीच. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा ठरवला. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने स्वतःची बिअर गाळून विकायला सुरुवात केली ती रीतसर परवाना घेऊन; घरच्या चुलीची गोष्ट निराळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे जे प्रकरण आहे, त्यात कुटुंबांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे, आणि मेदक नावाच्या पेयासाठी एक द्रोण पाण्यास अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे प्रमाणही दिलेले आहे. म्हणजे राज्यसत्ता या विषयात त्या काळीही लक्ष घालीत होती, पण गृहस्थाच्या हौसेला तिने थोडी जागा ठेवली होती. मी आजचा कायदा प्रमाण मानून किण्व घरात आणलेच नाही, आणि गोड रस उतरला की तेथेच थांबायचे, असे आधी ठरवून कामाला लागलो.

आंबी हे गाव तळेगाव दाभाड्याजवळ, इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे. औद्योगिक वसाहत त्याला येऊन भिडली असली तरी या तालुक्याची खरी ओळख भाताचीच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसृत झालेला, आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून जन्मलेला इंद्रायणी तांदूळ या नदीचेच नाव मिरवतो. जव येथे पिकत नाही, तो बाजारातूनच आणावा लागतो. मात्र त्याला मोड आणण्यास जी थंड हवा लागते, ती मावळातली पौषाची थंडी विनासायास पुरवते. उन्हाळ्यात हेच काम केले तर कोंब फुटण्याआधी बुरशी धरण्याचे भय अधिक.

जव एकसारखा पाण्यात ठेवून चालत नाही. काही तास पाण्यात, मग पाणी काढून टाकून काही तास उघड्यावर, असे आळीपाळीने करावे लागते, कारण बुडालेल्या दाण्याचा श्वास कोंडतो आणि तो कुजतो. पुरेसा भिजला की ओल्या पंच्यावर पातळ पसरायचा आणि दिवसातून अनेकदा हाताने वरखाली करायचा, नाहीतर मुळे एकमेकांत गुंतून त्याची जाजमासारखी वळकटी होते व आत ऊब साठते. शेजारच्या आजी, ज्यांच्या हातचे नाचणीचे सत्त्व आळीतल्या तान्ह्या मुलांना जाते, एका सकाळी पंचा उलगडून म्हणाल्या, “कोंब लई वाढू देऊ नको बाबा, दाण्यातलं समदं तोच खातो.” कोंब बहुतेक दाण्याच्या लांबीइतका झाला की वाळवण घालावे, असे यंत्रशाळांचे शास्त्र सांगते, आजींनी दाणा नखाने चिरडून, आतला गर पिठासारखा पुसला जातो की नाही, एवढेच पाहिले. दोन्ही दाखले जुळले.

वाळलेल्या जवाच्या मुळ्या हातावर चोळून सुपाने पाखडल्या, आणि जाते सैल ठेवून तो भरडला. येथे पीठ झाले तर सर्व श्रम वाया, कारण जवाची टरफले शाबूत राहिली तरच पुढे त्यांचाच थर गाळणीचे काम करतो. मग किलोला सुमारे तीन लिटर या हिशेबाने गरम पाणी घालून भरडा कालवला, उष्णता ६६ अंशांवर आली याची खातरजमा केली, आणि पातेले गोधडीत गुंडाळून ठेवले.

त्यानंतरचा एक तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कालवलेला भरडा प्रथम पांढुरका आणि जड असतो, डाव फिरवताना हाताला ओढ लागते. पण पाव तास लोटतो न लोटतो तोच तो सैल पडतो, वर तांबूस पाणी सुटते, आणि बोटाला लावून चाखले तर जिभेला साखर लागते, जी कोणी घातलेली नसते. १८३३ साली पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोडाच्या जवातून हे काम करणारे द्रव्य वेगळे काढून त्याला डायास्टेज असे नाव दिले. आज आपण जाणतो की तेथे मुख्यतः दोन विकरे काम करतात: साठ ते पासष्ट अंशांत रमणारे एक पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून साखरेचे तुकडे काढते, सत्तरीजवळ खुलणारे दुसरे ती साखळी मधूनच कोठेही तोडते, आणि ऐंशीच्या आसपास दोन्ही निकामी होतात. म्हणून चार-पाच अंशांच्या फरकाने रस पातळ व निखळ गोड होतो किंवा दाट व भरदार होतो. बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन सोडले. आरंभी निळा-काळा डाग पडत होता, तासाअखेर आयोडीनचा तांबूस रंग तसाच राहिला. पिष्ट संपले होते.

गाळताना पहिली धार गढूळ येते. ती पुन्हा वरून हलकेच ओतायची, आणि टरफलांचा थर नीट बसला की धार निवळते. नंतर पंच्याहत्तर अंशांच्या आसपासचे पाणी सावकाश शिंपडून चोथ्यात राहिलेली गोडी उतरवून घ्यायची. चोथा शेजारच्या गोठ्यात गेला. रस मात्र त्याच दिवशी उकळावा लागतो, कारण हवेतली रानटी किण्वे परवाना विचारीत नाहीत आणि रात्रीतून तो आंबू लागतो. मंद आचेवर आटवीत नेला तेव्हा त्याला काकवीची तार आली; म्हणजे जो अर्क डब्यातून घेऊन परदेशचा नवखा आरंभ करतो, तोच माझ्या चुलीवर शेवटी तयार झाला होता.

आजींनी तो भाकरीला लावून चाखला आणि नाचणीचाही असा होईल का, असे विचारले. होईल, पण तजवीज वेगळी हवी: नाचणीला जवासारखे टरफल नाही, त्यामुळे गाळताना ती तुंबते, आणि तिचे पिष्ट जवापेक्षा अधिक उष्णतेला फुलते. तेव्हा नाचणीची पेज आधी शिजवून, ती पासष्ट अंशांपर्यंत निवू देऊन, मग तीत मोडाच्या जवाचा भरडा मिसळायचा असे आम्ही ठरवले आहे. नाचणी त्यांच्याकडे आहे, जव मी भिजत घातला आहे.