धाक असलेल्या देशात लोकांचं मत कसं मोजतात?

गैरसमज : रशियात पुतिन यांना ऐंशी टक्क्यांवर पाठिंबा, असं कुणी म्हटलं की आपल्याकडे हसतात. सरकारविरुद्ध बोलायची तिथे कुणाची छाती आहे? तेव्हा तिथली सर्वेक्षणं सगळी थोतांड.

वस्तुस्थिती : शंका रास्त आहे, निष्कर्ष घाईचा. राज्यशास्त्रज्ञ टिमथी फ्राय, स्कॉट गेलबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुरुवातीला नेमकी हीच शंका तपासली. पद्धत ‘यादी-प्रयोगा’ची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे दोन गट पाडायचे. एका गटाला झिरिनोव्स्की, झ्युगानोव यांच्यासारख्या तीन रशियन नेत्यांची यादी द्यायची. दुसऱ्याला तीच, पण पुतिन यांचं नाव जोडून. प्रश्न एवढाच, की यांतल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे? कोणाकोणाला, ते सांगायचंच नाही. ‘दोन’ म्हणणाऱ्याच्या मनात कोण दोघे, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. समजा, पहिल्या गटाची सरासरी १ आली आणि दुसऱ्याची १.८, तर वरचे ०.८ पुतिन यांचे, म्हणजे ८० टक्के. (चारही किंवा एकही नाही म्हणणारा मात्र उघडा पडतो. म्हणून बाकीची नावं फार जपून निवडावी लागतात.)

उत्तर काय आलं? सुमारे ८० टक्के. थेट विचारल्यावर येणाऱ्या आकड्याहून कमी, पण फरक दहा टक्केबिंदूंच्या आतला. म्हणजे तेव्हाची लोकप्रियता बव्हंशी खरी होती. पुतिनविरोधकांना हे रुचणारं नव्हतं, पण आकडा तसा होता.

गैरसमज : म्हणजे या युक्तीने मनातलं हमखास बाहेर येतं.

वस्तुस्थिती : नाही. याच संशोधकांनी २०२०-२१ मध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा थेट प्रश्न आणि यादी यांच्या आकड्यांतली तफावत बरीच वाढलेली दिसली. भीती वाढली म्हणावं, तर ज्यांच्याबद्दल बोलायला कुणी घाबरणार नाही अशा नेत्यांचे आकडेही या पद्धतीत खाली येत होते. मनातल्या मनात मोजताना माणसं कमीच मोजतात, असा संशय त्यामुळे बळावला.

गैरसमज : विश्वास आहे की नाही, हे साध्या प्रश्नाने कळतं.

वस्तुस्थिती : मे २०१९ मध्ये रशियाच्या सरकारी सर्वेक्षण केंद्राने ‘तुमचा कोणत्या नेत्यांवर विश्वास आहे?’ असं विचारलं. नावं लोकांनीच सांगायची होती. पुतिन यांचं नाव सुमारे ३१ टक्के लोकांनी घेतलं. क्रेमलिनने खुलासा मागितला. मग केंद्राने ‘पुतिन यांच्यावर विश्वास आहे का?’ असं थेट नाव घेऊन विचारलं आणि आकडा ७२ टक्क्यांवर गेला. दोन्ही प्रश्न एकाच महिन्यातले.