डोक्यावर हात कोणाचा?

कवठे येमाईचा माणूस तालुक्याच्या कामाला शिरूरला जातो. जुनी माणसं या शिरूरला घोडनदी म्हणतात. एकेकाळी इथं इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण पुण्याकडे निघाली ती इथूनच; वाटेत कोरेगावला लढाई झाली. या फौजेच्या साहेबांचा राजमान्य पंथ अँग्लिकन. पुढं याच गावात अमेरिकन मराठी मिशननं ठाणं केलं. त्यांच्याकडं बिशप हे पदच नव्हतं. मंडळीनं, म्हणजे स्थानिक चर्चनं, माणूस पारखायचा, इतर पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, की झाला तो पाळक.

अँग्लिकनांना हे पुरेसं वाटत नसे. प्रेषितांपासून बिशपांच्या हस्तार्पणाची साखळी अखंड चालत आली आहे. त्या साखळीतल्या बिशपाकडून दीक्षा मिळाली तरच प्रभुभोजनाचा विधी चालवता येतो, असं त्यांचं म्हणणं. मिशनचा पाळक कितीही विद्वान असो, अँग्लिकन वेदीपाशी त्याला तो अधिकार नव्हता. गंमत अशी, की रोम अँग्लिकनांना अगदी हेच ऐकवत होतं.

वादाचं मूळ सोळाव्या शतकात आहे. इंग्लंडची मंडळी पोपपासून फुटली आणि सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५५० व १५५२ साली, दीक्षाविधी बदलला. यज्ञार्पणाचा अधिकार देणारे शब्द आधी गेले. मग नव्या धर्मगुरूच्या हाती प्याला आणि तबकडी देणंही गेलं. हात ठेवताना म्हणायच्या वाक्यात दीक्षा कोणत्या पदाची, हे नव्हतं. ते शब्द आले १६६२ मध्ये. पण १७ डिसेंबर १५५९ रोजी मॅथ्यू पार्कर यांना कँटरबरीच्या आर्चबिशपपदाची दीक्षा मिळाली ती या नव्या विधीनंच, आणि पुढचे अँग्लिकन बिशप त्यांच्याच साखळीतले. रोमचा युक्तिवाद असा : शब्द दुरुस्त होईपर्यंत शंभर वर्षं गेली, तोवर खरा बिशप उरलाच नव्हता, मग दुरुस्तीचा उपयोग काय?

अँग्लिकन पुढारी लॉर्ड हॅलिफॅक्स आणि फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू पोर्ताल यांच्या खटपटीमुळं पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये या प्रश्नावर समिती बसवली. तिच्यात एकमत झालं नाही. सदस्यांपैकी दुशेन, गास्पारी अँग्लिकनांकडं झुकलेले. गॅस्के ठाम विरोधात. सप्टेंबरमध्ये ‘अपोस्तोलिके कुरे’ हे पोपचं पत्र निघालं आणि अँग्लिकन दीक्षा साफ रद्दबातल ठरल्या. पुढच्याच वर्षी कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी उलट सवाल केला : तुमच्या प्राचीन विधींतही हे शब्द सापडत नाहीत, मग तुमच्याही दीक्षा बाद धरायच्या का?

पुण्यात तेव्हा पंचहौद मिशन जोरात होतं. तिथले ‘काउली फादर’ संघाचे पाद्री अँग्लिकन, पण वेदी, झगा, पापनिवेदन हा सारा थाट कॅथलिक वळणाचा. १८९० मध्ये याच मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींपुढं चहा आला आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. सनातन्यांच्या लेखी पाद्र्यांचा म्हणून तो चहा बाटलेला; सहा वर्षांनी रोमनं ठरवलं, की हे मुळात पाद्रीच नव्हेत!

प्रश्न खऱ्या अर्थानं ऐरणीवर आला तो नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते आणि मराठी मिशनच्या परंपरेतले लोकही. बिशपाच्या हातची दीक्षा नसलेल्यांना पुन्हा दीक्षा द्यावी, तर त्यांचा अपमान. न द्यावी, तर अँग्लिकनांचा आक्षेप. तोडगा निघाला तो असा : सर्वांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते देवानं द्यावं, अशी प्रार्थना करायची. कोणाला काय कमी होतं, हे मुद्दाम ठरवलं नाही.

रोमचा निर्णय आजही तोच आहे. कॅथलिक झालेल्या अँग्लिकन धर्मगुरूला नव्यानं दीक्षा घ्यावी लागते. लंडनचे माजी बिशप ग्रॅहम लेनर्ड यांना १९९४ मध्ये ती ‘सशर्त’, म्हणजे आधीची दीक्षा खरी नसेल तर, अशा अटीवर मिळाली, कारण त्यांच्या साखळीत ‘ओल्ड कॅथलिक’ पंथातले, ज्यांच्या दीक्षा रोमला मान्य आहेत असे, बिशपही होते. हा अपवाद रोमची शिस्त दाखवतो : तिथं प्रत्येक कडी तपासली जाते. नागपुरात ती तपासणीच टाळली. शास्त्राच्या काट्यावर हा तोडगा कच्चा भरेल. पण निकालाची वाट पाहत बसले असते, तर शिरूरच्या पाळकाला अँग्लिकन वेदी परकीच राहिली असती.