रानपिंगळ्याचा शोध आणि छायाचित्रकाराची साधना

पिंगळा हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी रुळला आहे. एक पिंगळा पहाटेच्या काळोखात हातात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा; आणि दुसरा, ज्याची भाषा आपल्याला कळते असे तो सांगतो, तो घुबडाच्या कुळातील लहानखुरा पक्षी. गावच्या वडाच्या ढोलीत किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत राहणारा ठिपकेदार पिंगळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. परंतु त्याचाच एक भाऊबंद रानात राहतो. त्याला पाहिलेला मनुष्य मात्र विरळाच. हा रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षे साऱ्या जगाच्या दृष्टीने नाहीसा झाला होता आणि तो पुन्हा सापडला तो आपल्या महाराष्ट्रात. दुर्मीळ पक्षी कसा शोधावा आणि त्याचे छायाचित्र कोणत्या वृत्तीने घ्यावे, हे समजून घेण्यास त्याच्या कथेइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही.

या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख झाली ती एफ. आर. ब्लूइट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगड भागात मिळविलेल्या नमुन्यावरून. पुढील वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शास्त्रीय नावात ब्लूइट यांचे नाव गुंफले. त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नोंद थांबली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उणेपुरे सात नमुने, एवढीच काय ती या पक्ष्याची खूण शिल्लक राहिली.

मधल्या काळात शोध झाले नाहीत असे नाही. परंतु शोधणाऱ्यांची दिशाच चुकविली गेली होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे रानपिंगळा मिळविल्याचे नोंदवून ठेवले होते. साहजिकच लोक तिकडे जात आणि रिकाम्या हातांनी परत येत. मध्यंतरी एक छायाचित्रही पुढे आले, पण तेही साध्या ठिपकेदार पिंगळ्याचेच निघाले.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मात्र रानात जाण्यापूर्वी संग्रहालयातील कपाटे उघडली. त्यांनी एकेक नमुना, त्याची चिठ्ठी, त्यात भरलेला कापूस आणि शिवण्याची पद्धत बारकाईने तपासली. क्ष-किरणांचेही साहाय्य घेतले. तेव्हा १९१४ चा म्हणून दाखविला जाणारा नमुना वस्तुतः डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा नव्याने शिवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे असे दिसून आले. मांडवीचा पुरावा असा निकालात निघाला. मग उरली ती जुनी, खरी ठिकाणे. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आल्या. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध व्यर्थ गेला. अखेर २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, किंग यांना झाडाच्या उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चलच्चित्रणही केले. आणि जगाने विश्वास ठेवला तो या चित्रांवर. पूर्वी पक्षी सिद्ध करण्यासाठी बंदूक लागे, या वेळी कॅमेरा पुरला. एका जिवाच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे याचा विचार वाचकांनीच करावा.

आता हा पक्षी ओळखावा कसा? ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी, तपकिरी असते. पंखांवरील व शेपटीवरील पांढरे पट्टे ठळक व रुंद असतात. छातीचा वरचा भाग गडद तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी दिसते आणि पायांवर पांढऱ्या पिसांची दाट लव असते. महत्त्वाचे म्हणजे तो भर दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, लहान पक्षी, कीटक हे त्याचे अन्न. सागाची विरळ, पानझडी राने त्याला मानवतात. घुबड म्हटले की रात्र, ही आपली समजूत त्याच्याबाबतीत बाजूला ठेवावी लागते.

शोधण्याची कला ही मुख्यतः ऐकण्याची व थांबण्याची कला होय. बुलबुल, कोतवाल, शिंजीर अशी लहान पाखरे एकाच झाडाभोवती जमून कलकलाट करू लागली, तर तेथे एखादा शिकारी पक्षी किंवा साप असण्याचा संभव असतो. ढोलीखाली पांढऱ्या विष्ठेचे डाग आहेत का हेही पाहावे. पिंगळा न पचलेली हाडे व किड्यांची कवचे लहान गोळीच्या रूपाने ओकून टाकतो. अशी गोळी झाडाखाली सापडली, तर पक्षी वर दिसला नाही तरी तो येथे राहतो एवढे कळते. तेथेच चार दिवस ओळीने, त्याच वेळी, त्याच दगडावर जाऊन बसावे. प्रथम पक्षी आपल्याला पाहतो, मग आपली सवय करून घेतो. आपण त्याला पाहतो ते त्यानंतर.

छायाचित्रणाचेही तसेच आहे. लांब पल्ल्याचे भिंग आता पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे आणि फिल्म संपण्याची भीती राहिलेली नाही. तथापि भिंगाने अंतर कमी होते, पक्ष्याची भीती कमी होत नाही. सूर्य पाठीशी ठेवावा. कोवळ्या उन्हात पिसांचा खरा रंग उमटतो. पिंगळा मान वरखाली करून रोखून पाहू लागला म्हणजे तो अस्वस्थ झाला आहे असे समजून दोन पावले मागे सरावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हा तर सरळ छळ आहे. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून तो अन्न शोधणे सोडतो, झुंजीस येतो आणि त्या वेळात ढोलीतील पिले उघडी पडतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून ढोलीसमोरची डहाळी तोडणे म्हणजे घरट्याची वाट शत्रूला दाखविणे होय.

हे सांगणे अगत्याचे आहे, कारण रानपिंगळा सापडला म्हणून तो वाचला असे झालेले नाही. मेळघाटात तो आढळला. २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. तरीही जगातील प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. २०१८ मध्ये त्याचे नाव ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आले, इतकाच दिलासा. शेतीसाठी रान मोडते, ढोलीची जुनी झाडे सरपणाला व इमारतीला जातात, आणि घुबड अशुभ म्हणून किंवा जादूटोण्यासाठी त्याचा बळी जातो. यात हौशी छायाचित्रकारांच्या झुंडीची भर पडली, तर दोष कोणाला द्यावा?

म्हणून छायाचित्र हे मिळविलेले बक्षीस नसून स्वीकारलेले दान आहे, ही जाणीव हवी. आपल्या एका चित्रामागे कितीजणांचे ऋण असते! सव्वाशे वर्षे नमुने जपणारे संग्रहालय, वाट दाखविणारा भिल्ल किंवा कोरकू गावकरी, वनरक्षक, ती वाळवी लागलेली पण न तोडलेली सागाची ढोली आणि सरतेशेवटी तो पक्षी, ज्याने आपल्याला काही क्षण सहन केले. हे ऋण फेडण्याचे मार्ग साधे आहेत. घरट्याचे ठिकाण चारचौघांत सांगू नये. वाटाड्याला योग्य मोबदला द्यावा आणि चित्राची एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. नोंद दिनांक, वेळ व वर्तनासह अभ्यासकांकडे द्यावी. कारण तारखेवाचून चित्र ही केवळ शोभेची वस्तू उरते. आणि खोटी नोंद तर कधीच करू नये. एका खोट्या चिठ्ठीने किती शोधकांना वर्षानुवर्षे भलत्या रानात हिंडविले, हे आपण वर पाहिलेच.

आपल्या महाविद्यालयातील ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा असेल, त्यांनी सातपुडा गाठण्याची घाई करू नये. आधी गावातला ठिपकेदार पिंगळा एक पूर्ण वर्ष पाहावा, त्याची वही ठेवावी. त्याच्या डोक्यावरचे ठिपके ज्याला पाठ झाले, त्यालाच एखाद्या दिवशी ठिपके नसलेले डोके ओळखता येईल.