भिंगाखालून यंत्राखाली: सुरतेच्या हिऱ्याची बदललेली पारख

सुरतेच्या महिधरपुरा हिरेबाजारात दलाल आजही स्कूटरच्या सीटवर पुडी सोडतात, चिमट्याने हिरा उचलून भिंगाखाली धरतात आणि भाव बोलतात. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी जवळपास नऊ या शहरातल्या हातांखालून जातात. पण केवळ भिंगावर भरवसा ठेवून अस्सल-नक्कल ठरवण्याचे दिवस गेल्या दशकात संपले.

त्याआधीची फसवणूक सरावलेल्या डोळ्याला सापडे. सत्तरच्या दशकात आलेला ‘अमेरिकन डायमंड’ उष्णता मोजणाऱ्या साध्या टेस्टरने पकडला जाई. १९९८च्या सुमारास आलेल्या मॉयसनाइटने तो टेस्टर चकवला, तरी खडा तिरका धरला की भिंगात मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत. भेग काचेसारख्या द्रव्याने भरलेला हिरा हलवला की भेगेत केशरी-निळी झाक चमकून जाते. ही झाली खऱ्याच हिऱ्यावर केलेली प्रक्रिया, आणि तीही भिंगाला दिसते.

मे २०१२मध्ये अँटवर्पच्या एका प्रयोगशाळेत नैसर्गिक म्हणून विकलेले शेकडो हिरे तपासायला आले. ते निघाले ‘सीव्हीडी’: मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या तप्त प्लाझ्मात, हिऱ्याच्याच पातळ चकतीवर थरावर थर चढवून काही आठवड्यांत वाढवलेले. टेस्टर इथे निरुपयोगी, कारण हा हिराच आहे. तोच कार्बन, तीच रचना.

मग फरक कुठे शोधायचा? काळात. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू असतात आणि कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेत ते सरकत सरकत एकत्र येतात. त्यांच्या एका विशिष्ट जुळणीमुळे ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश शोषला जातो. यंत्र तीच खूण शोधते. आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला ती जुळणी घडवायला वेळच मिळालेला नसतो. ही तपासणी मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मात्र खाणीतल्या शंभरांतल्या एक-दोन हिऱ्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. गोवळकोंड्याचा कोहिनूर त्याच जातीचा, म्हणजे हे यंत्र त्यालाही संशयितांच्या ढिगात टाकेल! म्हणून यंत्र ‘पुढे तपासा’ एवढेच सांगते. मग अतिनील किरणांखाली वाढीचे थर पाहून प्रयोगशाळा निकाल देते.

सर्वांत मोठी धास्ती बारीक मालाची. नथ, कुड्या, मंगळसूत्राच्या वाट्या यांतल्या इवल्या हिऱ्यांना एकेकटे प्रमाणपत्र परवडत नाही, त्यामुळे पुडीत भेसळ करणे सोपे. बारीक हिरे एकेक करून आपोआप तपासणारी यंत्रे त्यातूनच व्यापारात आली.

पुढे चित्र पालटले. २०१८मध्ये खाणीतले हिरे विकणाऱ्या डी बीअर्स कंपनीनेच प्रयोगशाळेतले हिरे कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले. फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात या हिऱ्यांच्या बियांवरचे, म्हणजे त्या चकत्यांवरचे, आयातशुल्क हटले आणि त्याच जूनमध्ये पंतप्रधानांनी व्हाइट हाउसमध्ये साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला. सुरतेत दोन्ही हिऱ्यांना पैलू पाडले जातात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला मी नकली म्हणणार नाही. तो खाणीतला म्हणून विकणे हीच फसवणूक, आणि भावातली तफावत वाढत गेली तसा तो मोहही वाढला. २०१७नंतर तर कडेवर नैसर्गिक हिऱ्याचा प्रमाणपत्र-क्रमांक खोटा कोरलेले खडेही सापडले.

म्हणून नुसता क्रमांक जुळवून भागत नाही. वजन आणि मापेही प्रमाणपत्राशी ताडून पाहावीत. बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ हे लिहूनच घ्यावे. बारीक हिऱ्यांची पुडी यंत्रातून गेली होती का, हेही सराफाला विचारावे. घरात आधीच असलेल्या दागिन्यासाठीही वाट आहे: जडवलेला खडा न काढता तपासणारी उपकरणे आता मिळतात.