गर्भाचा पहिला आठवडा : बाळ कोण होणार, वार कोण होणार?

काही दिवसांपूर्वी एक तरुण सून सासूबाईंबरोबर दवाखान्यात आली. लग्नाला दोन वर्षे झालेली, पहिलेच दिवस राहिलेले. लघवीची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली होती. आठव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाची थैली दिसली, पण आत गर्भ नव्हता. दहा दिवसांनी पुन्हा पाहिले, तरी तेच. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, हिला सांगत होते, एसटीनं माहेरी जाऊ नकोस, पपई खाऊ नकोस. ऐकलं नाही.” सून खाली मान घालून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “बाळ नव्हतंच, तर तपासणीत दिवस कसे दिसले?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर गर्भाच्या पहिल्या आठवड्यात दडलेले आहे.

स्त्रीबीज व पुरुषबीज यांचे मीलन गर्भनलिकेत होते आणि एक पेशी तयार होते. तिचा आकार मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ठिपका. साधारण एका दिवसानंतर तिच्या दोन पेशी होतात, मग चार, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास आठ. गंमत अशी की, या काळात गर्भ मोठा होत नाही. एका भाकरीचे तुकडे करत जावे तशा पेशी लहान लहान होत जातात.

या पेशी सुरुवातीला एकसारख्याच असतात का? पोलंडचे शास्त्रज्ञ तारकोव्स्की यांनी १९५९ साली उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाची एक पेशी त्यांनी नष्ट केली. उरलेल्या एका पेशीपासून पूर्ण, जिवंत पिल्लू जन्माला आले! अर्धे नव्हे, अख्खे. म्हणजे त्या वेळी एकाच पेशीत सर्व काही होण्याची ताकद होती.

मग वाटणी होते कशी? याच तारकोव्स्कींनी एका सहकारी संशोधिकेसह १९६७ साली असा विचार मांडला की, पेशी कोठे आहे यावर ती काय होणार हे ठरते. शेतकरी वाचकांना हे चटकन समजेल. कडब्याची गंज रचताना सगळ्या पेंढ्या सारख्याच असतात. पण बाहेरच्या पेंढ्या ऊन-पाऊस झेलतात, आतल्या कोरड्या राहतात. दोन महिन्यांनी गंज मोडली, तर बाहेरची पेंढी कोणती आणि आतली कोणती हे लहान मूलही सांगेल.

गर्भातही तसेच होते. आठ-सोळा पेशी झाल्या की त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. काही आत कोंडल्या जातात, काहींची एक बाजू बाहेर मोकळी राहते. ही मोकळी बाजू म्हणजेच पेशीला मिळालेली खूण. प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. पण या खुणेमुळे बाहेरच्या पेशीत काही वेगळी जनुके जागी होतात. माणूस, गाय आणि उंदीर या तिघांच्याही भ्रूणात ही सुरुवात सारख्याच पद्धतीने होते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पाचव्या दिवशी आत पाणी साठून गर्भ फुग्यासारखा होतो. बाहेरचा पातळ थर पुढे वार तयार करतो. आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो. त्यातून बाळ घडते. हा पुंजका दुभंगला, तर एकाच वारेवर वाढणारी जुळी होतात. सहाव्या-सातव्या दिवशी बाहेरचा थर गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. मेंदू, हृदय, आतडी यांच्या पेशी वेगळ्या होण्याचे काम त्यानंतर, तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते.

हे पहिले दिवस काचेच्या बशीत पाहता येऊ लागले, त्यातूनच टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली असे बाळ जन्मले, हे अनेकांना आठवत असेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. लघवीच्या तपासणीत जे संप्रेरक दिसते, ते बाळ तयार करत नाही. बाहेरच्या, म्हणजे वारेच्या पेशी तयार करतात. कधीकधी आतल्या पेशींची वाढ फार लवकर थांबते, पण बाहेरच्या पेशी काही आठवडे आपले काम करत राहतात. म्हणून तपासणी पॉझिटिव्ह, थैली आहे, बाळ मात्र नाही.

याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येतील चूक. ती बहुधा बीज तयार होताना किंवा पहिल्या काही विभाजनांतच होते. म्हणजे पाळी चुकण्याच्याही आधी! तेव्हा एसटीचे धक्के किंवा पिकलेल्या पपईची फोड यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवस राहिल्याचे कळलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी दहा ते वीस जणींचा गर्भ आपोआप पडतो. दोष सुनेचा नाही, तसा मुलाचाही नाही.

हे सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “थोरल्याच्या आधी माझंही एक असंच गेलं होतं. तेव्हा मलाही खूप बोलले होते.” सुनेने प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

वाचकहो, काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहिल्या सोनोग्राफीत गर्भ दिसला नाही तर घाई करू नका. तारखेत चूक असू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासा. मनाने गोळ्या आणून पिशवी साफ करू नका. जास्त रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळा, चक्कर ही लक्षणे असतील तर त्वरित रुग्णालय गाठा. गर्भ नलिकेत रुजला असण्याची शक्यता असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकदा असे झाले तरी बहुतेक स्त्रियांना पुढे निरोगी मूल होते. लागोपाठ दोनदा झाले तर मात्र नवरा-बायको दोघांनीही तपासण्या कराव्यात. आणि पुढच्या वेळी दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेपासून चार आठवड्यांतच घातला जातो.

अशा वेळी घरातल्या माणसांनी त्या मुलीला दोष देऊ नये. औषधाइतकीच तिला याचीही गरज असते.